कुठला प्रिंटर घेऊ?

“ताई, कुठला प्रिंटर घेऊ?” हा प्रश्न दिवसातून तीन-चारदा तरी कानावर यायचा आणि दर वेळी ताईंच्या कपाळाची शीर तडतडायची. प्रश्नाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती विचारणाऱ्यांबद्दल, कारण त्यातले निम्मे लोक प्रिंटर आधीच घेऊन आलेले असायचे. खोकं गाडीच्या डिकीत, पावती खिशात आणि तोंडाने मात्र सल्ला. ताईंनी लेझर घ्या म्हटलं आणि डिकीत शाईचा निघाला, की माणूस असा वाद घालत बसायचा, जणू त्यांनी त्याच्या जावयाला नावं ठेवली.

बसस्टॉपमागच्या इमारतीत जिन्याखाली ताईंचं दुकान होतं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढीच जागा. एक टेबल, त्यावर अंथरलेली रद्दी, पावडर ओढून घेणारा छोटा पंप, आणि भिंतीला छातीपर्यंत रचलेली मेलेली मशीनं. शेजारी किल्लीवाला बसायचा. त्याच्या कानशीची करकर दिवसभर चालू असायची आणि ताईंचं खेकसणं त्या करकरीच्या वर ऐकू यायचं. दारावर पाटी होती: ‘प्रिंटर दुरुस्ती. खरेदीआधी सल्ला फुकट. खरेदीनंतर फुकट नाही.’

अठरा वर्षं हे चाललं होतं. त्याआधी ताई एका विमा कचेरीत टायपिस्ट होत्या. तिथे पहिला मोठा प्रिंटर आला तेव्हा दर दोन दिवसांनी त्यात कागद अडकायचा आणि कंपनीचा माणूस चार दिवसांनी उगवायचा. एकदा साहेब मशीनला लाथ घालायच्या बेतात असताना ताईंनी झाकण उघडलं, अडकलेला कागद कसा काढायचा ते दाखवणारं आतलं चित्र नीट बघितलं आणि बोटभर कागदाचा तुकडा काढून साहेबांच्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून टायपिंग मागे पडलं आणि लोक त्यांना झाकण उघडायलाच बोलवू लागले. पुढे कचेरी बंद झाली, पण बोटांना लागलेली काळी पावडर काही सुटली नाही. ताई आता बावन्न वर्षांच्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची हिंमत किल्लीवाल्यानेही केली नव्हती, आणि तो बाकी सगळं विचारायचा.

ताईंचे तीन प्रश्न ठरलेले. महिन्याला किती पानं काढता? कसली पानं? मशीन रोज चालणार की पडून राहणार? एवढं खरं सांगितलं की उत्तर आपोआप निघतं, असं त्या घसा कोरडा होईपर्यंत सांगायच्या. पडून राहणार असेल तर शाईचा घेऊ नका, शाई वाळते आणि मशीनचं तोंड बंद होतं. लेझरमध्ये शाईऐवजी कोरडी पावडर असते, ती वाळत नाही, म्हणून लेझर. रोज शंभर पानं आणि त्यात रंग हवे असतील तर मोठ्या टाक्यांचा शाईवाला घ्या, तो चालत राहिला की खूश असतो. इतकं सोपं आहे हे. पण लोक वजनाबद्दल बोलत नसतील इतकं खोटं पानांबद्दल बोलतात. एक जोडपं आलं होतं, रोज वीस-पंचवीस रंगीत पानं निघतात म्हणाले. ताईंनी मशीनमधला आकडा काढून दाखवला. दीड वर्षात एकवीस पानं. त्यातली चार चाचणीची.

“म्हणजे तसं काढायचं ठरवलं होतं आम्ही,” नवरा म्हणाला.

“मशीनला तुमचं ठरवणं कळत नाही,” ताई म्हणाल्या.

आणि तो मालवाहतुकीच्या कचेरीतला कारकून. त्याच्याकडे जुना टिपक्यांचा प्रिंटर होता, सुया ठोकून अक्षरं उमटवणारा. आवाज करायचा खरा, पण कार्बन घालून एका दणक्यात चार प्रती निघायच्या, आणि माल पाठवणारा, गाडीवाला, माल घेणारा आणि कचेरी अशा चौघांना त्या लागायच्याच. साहेबांना आवाजाचा त्रास होतो म्हणून या गृहस्थाने ताईंना न विचारता लेझर आणला. मग प्रती हव्यात म्हणून लेझरमध्ये कार्बन पेपर सारला. तीन कागद, दोन कार्बन, सगळा थर एकदम. ताई दोन तास त्या मशीनच्या पोटातून वितळलेला कार्बन खरवडत होत्या आणि तो समोर उभा राहून विचारत होता, “ताई, मशीन कमजोर निघालं का हो?”

“मशीन नाही,” ताई म्हणाल्या, आणि पुढे जे म्हणाल्या ते ऐकून किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली.

असा सगळा दिवस गेल्यावर ताई घरी यायच्या. घर दुकानापासून पाच मिनिटांवर, दोन खोल्यांचं, आणि घरात बाबा. बाबा एकोणऐंशी वर्षांचे. चौतीस वर्षं त्यांनी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून काढली होती, म्हणजे छापायच्या आधी मजकुरातल्या चुका शोधायच्या. अंकाचं पहिलं पान त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मशीनवर चढत नसे. छपाई फिकट आली तरी पान छापखान्याच्या फोरमनच्या तोंडावर परत. त्या डोळ्यांनी आता दगा दिला होता. नजरेच्या मधोमध धुरकट डाग, कडेकडेचं ठीक दिसायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं हळूहळू कमी होईल, एखाद्या दिवशी एकदम उतरेलही. जेवढं दिसतंय तेवढ्यात वाचून घ्या.

बाबांनी ते अक्षरशः पाळलं. संगणकाच्या पडद्याने त्यांच्या डोळ्यांना पाच मिनिटांत पाणी यायचं, पण कागदावर छत्तीसच्या साइजचं ठळक अक्षर त्यांना वाचता यायचं. म्हणून ताई रोज दुकानातून वीस-पंचवीस पानं छापून आणायच्या. लेख, गोष्टी, प्रवासवर्णनं. बाबा खिडकीशी बसून बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायचे आणि रात्रीच्या जेवणाला त्यातल्या चुका सांगायचे. दिवसभराच्या वैतागानंतर ताईंना ती अर्धा तासाची कटकट फार आवडायची, पण हे त्यांनी बाबांना कधी सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी बाबा म्हणाले, “तू आणतेस ते वाचतो मी. पण मला काय वाचायचंय ते तू ठरवतेस. घरी एक मशीन आण. माझं मी काढीन.”

आता घरासाठी प्रिंटर घ्यायचा म्हटल्यावर परगावच्या धाकट्या भावाने फोनवरून उडी घेतली. रंगीतच घे, टाकीवालाच घे, स्कॅन करणारा घे, फोनवरून चालणारा घे. तासभर त्याने कुठे कुठे वाचलेलं ऐकवलं.

“बाबांना काय छापायचंय?” ताईंनी विचारलं.

“अगं, पण उद्या लागलं तर?”

“उद्या त्यांना सूर्यास्ताचे फोटो लागणार आहेत का? काळं अक्षर लागतं. कधी रोज तीस पानं, कधी बरं वाटेनासं झालं की आठ दिवस काही नाही. लेझर. साधा, काळा-पांढरा, मोठ्या बटणांचा. विषय संपला.”

“तुझ्याशी कुणी बोलायचं,” भाऊ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

निवड शंभर टक्के बरोबर होती. ताईंनी मशीन आणलं, खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवलं, संगणकाला जोडलं. बाबांना एकच बटण दाबलं की मजकूर मोठा होऊन छापून येईल अशी सोय करून दिली. आणि कुठलंही नवीन मशीन हातातून सोडताना त्या जे करायच्या तेही केलं. छपाईच्या सेटिंगमध्ये जाऊन पावडर बचतीच्या चौकोनात बरोबरची खूण. गिऱ्हाइकाने मागितलं नसलं तरी त्या ती करायच्या. पावडर दीडपट चालते, अक्षर थोडं हलकं येतं पण वाचायला काही अडत नाही. अठरा वर्षांत शेकडो मशीनांवर त्यांनी ती खूण केली होती आणि आता हात आपोआप तिकडे जायचा.

पहिले दोन-तीन दिवस बाबांनी उत्साहाने पानं काढली. चौथ्या दिवशी ताई घरी आल्या तेव्हा मशीनवर फडकं घातलेलं होतं आणि बाबा रेडिओ लावून बसले होते. आठवड्याने तेच. जेवताना चुका नाहीत, लेख नाहीत, नुसतं “भाजी बरी झालीय.”

ताईंचा पारा चढला. “मशीन हवं म्हणून हट्ट केलात. आणून दिलं. आता त्याच्यावर फडकं?”

“कंटाळा आला,” बाबा म्हणाले.

“कंटाळा? तुम्हाला? वाचायचा?”

बाबांनी रेडिओचा आवाज वाढवला. अशी आणखी दोनदा बोलाचाली झाली. दुसऱ्या वेळी ताईंनी शब्द जरा जास्तच वापरले, दुकानातले. तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, “दिसत नाही मला आता. उतरली नजर. डॉक्टर म्हणाले होते ना, एकदम उतरेल. उतरली.”

ताईंनी ताट बाजूला सारलं. तीन आठवडे हा माणूस अंधारात बसला होता आणि आपण त्याला हट्टी म्हणत होतो. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. भावाला फोन केला तर तो म्हणाला, “मी म्हणत होतो, रंगीत घे. निळ्या अक्षरात कदाचित दिसलं असतं.” ताईंनी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दोन तास रांग. डॉक्टरांनी दिवा मारून आत पाहिलं, भिंतीवरचा उजळलेला तक्ता वाचायला लावला. बाबांनी वाचला. डॉक्टरांनी जुना कागद काढून ताडून पाहिला.

“सहा महिन्यांपूर्वी ज्या ओळीपर्यंत वाचत होते तिथपर्यंत आजही वाचलं. काही फरक नाही.”

ताईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, कसंबसं जिना उतरेपर्यंत. रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांची अशी चिडचिड झाली की त्यांना ती धरून ठेवता येईना. “म्हणजे दिसतंय तुम्हाला.”

“तक्त्यावरचं दिसलं. घरचं नाही दिसत.”

“अक्षरं ती अक्षरंच, बाबा. मी पण पाहिली तुमची पानं. स्वच्छ आहेत. रात्री दिवा बदलला, सकाळी खुर्ची बदलली, आता आणखी काय करू?”

खरंच त्यांनी पानं पाहिली होती. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. अठरा वर्षं गिऱ्हाइकांच्या मशीनांवर बचतीतलंच अक्षर बघितल्यावर डोळ्यांना तेच अक्षर वाटायला लागतं. घरी आल्यावर बाबांनी मुद्रितं तपासायचं आपलं जुनं मोठं भिंग रुमालात गुंडाळलं आणि म्हणाले, “हे किल्लीवाल्याला देऊन टाक. त्याला बारीक दाते बघायला उपयोगी पडेल.”

ताई भिंग घेऊन दुकानात गेल्या खऱ्या, पण ते त्यांनी किल्लीवाल्याला दिलं नाही. टेबलाच्या खणात टाकलं आणि कामाला लागल्या. हात काम करत होते, डोकं बाबांवर चिडलेलं होतं, आणि बाबांवर चिडतोय म्हणून स्वतःवर चिडलेलं होतं. म्हातारा मुद्दाम करतोय का? एकटं वाटतंय का? की डोळ्यांचं नसून हे दुसरंच काही आहे, विस्मरणाचं वगैरे?

दुपारी एक बाई आल्या, लहान मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या. दोन महिन्यांपूर्वी ताईंनीच त्यांना लेझर निवडून दिला होता. त्यांनी पिशवीतून एक पान काढून टेबलावर ठेवलं.

“ताई, अक्षर फिकट येतं हो. मुलं तक्रार करतात.”

ताईंनी पान उजेडात धरलं. “कुठे फिकट? चांगलं आहे की.”

“नाही, मला पण संध्याकाळी वाचता येत नाही.”

सकाळपासून साठलेलं सगळं बाहेर पडलं. “हे बघा, मशीन मी पारखून दिलंय. त्याला काहीही झालेलं नाही. तुम्हाला वाचता येत नसेल तर आधी डोळे तपासून घ्या.”

हे वाक्य ताईंनी याआधीही कितीतरी जणांना ऐकवलं होतं. आज पहिल्यांदाच ते त्यांच्या स्वतःच्या कानावर पडलं. त्यांनी ते पान पुन्हा उचललं. मग दुकानातल्या मशीनवरून, जे चाचणीसाठी असल्यामुळे पूर्ण काळं छापायचं, त्या पानावरच्याच ओळी टाइप करून काढल्या आणि दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवली. एक काळं होतं. दुसरं राखाडी होतं. इतकं राखाडी, की आपल्याला हे दिसत कसं नव्हतं, असं त्यांना वाटलं. दुकानातून आणलेली पानं बाबा वाचायचे. घरचं मशीन आलं आणि वाचेनासे झाले. डोळे तेच होते. तक्त्यावरची अक्षरं काळी होती, म्हणून वाचता आली.

“बसा इथे,” त्या बाईंना म्हणाल्या. “तुमचं बरोबर आहे. मी आले.” आणि भर दुपारी, गिऱ्हाईक बसलेलं असताना, दुकान किल्लीवाल्यावर सोडून ताई घराकडे निघाल्या. त्या पळत होत्या हे त्यांना घराच्या पायरीशी दम लागल्यावर कळलं.

बाबा खिडकीशी बसले होते. रेडिओही बंद होता. ताईंनी फडकं काढलं, संगणक लावला, सेटिंग उघडलं. चौकोनातली खूण त्यांनी केली तशीच होती. ती काढली. गडदपणा वर नेला. तीन आठवड्यांपूर्वी बाबांनी शेवटचा जो लेख निवडला होता, समुद्रातल्या दीपगृहांवरचा, त्याचं पहिलं पान छापलं आणि गरम गरम त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“नको ग आता,” बाबा म्हणाले.

“एकदा बघा. माझ्यासाठी.”

बाबांनी नाइलाजाने पान उचललं. नेहमीसारखं किंचित तिरकं धरलं, कडेच्या नजरेने बघायला. बोट पहिल्या शब्दाखाली गेलं. मग दुसऱ्या. मग ते मोठ्याने वाचायला लागले, आधी अडखळत, मग चालीवर. अर्ध्या पानापर्यंत आले आणि थांबले. त्यांनी पान खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. ताईंना त्यांचे खांदे हलताना दिसत होते. अशा वेळी जवळ जावं की नको हे त्यांना कळेना, कारण या घरात कुणी कुणाला असं जवळ घेतलेलं नव्हतं. शेवटी त्या स्टूल ओढून समोर बसल्या.

“बाबा, फिकट छपाई आली तर तुम्ही फोरमनला सोडत नव्हतात. चौतीस वर्षं. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की मशीनमध्येच काहीतरी असेल?”

“वाटलं,” बाबा म्हणाले. “पहिल्याच दिवशी वाटलं.”

“मग बोलला का नाहीत?”

बाबांनी डोळे पुसले. “तुझ्या दुकानात बसलोय मी कितीदा. मशीनला नाव ठेवणाऱ्या माणसाचं तू काय करतेस ते ऐकलंय. एवढं पारखून आणलंस, भावाशी भांडून आणलंस. म्हटलं, त्याला नाव ठेवण्यापेक्षा डोळ्यांना ठेवलेलं बरं. डोळे काही उलटून बोलत नाहीत.”

ताईंना लाज वाटली, आणि ती नुसती वाटली नाही, अंगभर पसरली. तीन आठवडे. डॉक्टरांनी दिलेल्या मोजक्या दिवसांतले तीन आठवडे. ते त्यांनी पावडर वाचवण्यात घालवले होते, आणि बाबांनी त्यांच्या जिभेला भिऊन.

“चूक माझी आहे, बाबा,” त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान होता की त्यांना स्वतःलाच तो ओळखीचा वाटला नाही. “मशीनची नाही, तुमच्या डोळ्यांची नाही. माझी.”

बाबा जरा पुढे झुकले. “काय म्हणालीस?”

“ऐकलंत तुम्ही.”

“ऐकलं. पण ऐकलेल्यावर माझा विश्वास नाही, माझा छापलेल्यावर आहे,” बाबा म्हणाले. “मोठ्या अक्षरांत छापून दे.”

ताईंनी निमूटपणे छापून दिलं.